'रू कुठे आहे?' : विनी-द-पूची खरी खेळणी, रेखाटनं आणि प्रदर्शनं

कवडसा | ९ फेब्रुवारी, रात्री १०:४२

लेकीला झोपताना रोज एक गोष्ट लागते. गेलं दीड वर्ष त्या गोष्टीत एक अस्वल आहे. मी इंग्रजी पुस्तक हातात धरते आणि सांगते मराठीत, त्यामुळे आमच्या घरात हेफलंपचा 'हत्तोबा' झालाय आणि ईयोर गाढवाचा 'इयोरकाका'. पूचं नाव तेवढं आईला घेववत नाही. "अगं, पू जखमेत होतो!" असं म्हणून ती त्याला नुसतं विनी म्हणते.

आई सध्या नाशिकहून आमच्याकडे न्यू जर्सीला आली आहे. गेल्या शनिवारी आम्ही तिघी न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात गेलो. पाचवा अ‍ॅव्हेन्यू आणि बेचाळिसावा रस्ता, दारात दोन दगडी सिंह बसलेत तीच इमारत. आत ग्रंथालयाच्या संग्रहातल्या मौल्यवान वस्तूंचं प्रदर्शन आहे. हस्तलिखितं, नकाशे, पत्रं असं बरंच काही, आणि त्यातच एका काचपेटीत पाच जुनी खेळणी. क्रिस्टोफर रॉबिन मिल्न या मुलाची ही खरीखुरी खेळणी. त्याच्या वडिलांनी, म्हणजे ए. ए. मिल्न यांनी, त्यांच्याच गोष्टी लिहिल्या.

लेक काचेला नाक लावून उभी राहिली आणि तिचा पहिला प्रश्न आला, "ह्याचा लाल शर्ट कुठे आहे?"

मलाही उत्तर माहीत नव्हतं. घरी येऊन शोधलं. या अस्वलाला लाल शर्ट कधी नव्हताच. तो चढला १९३२ साली अमेरिकेत, एका ध्वनिमुद्रिकेवरच्या चित्रात, आणि पुढे डिस्नेने तो जगभर नेला. काचपेटीतला पू तपकिरी आहे, जरा विटलेला. कुठे केस उडालेत, कुठे शिवण घेतलेली दिसते. पहिल्या वाढदिवसाला, १९२१ साली, लंडनच्या हॅरॉड्स दुकानातून आणलेलं अस्वल. तेव्हा त्याचं नाव एडवर्ड होतं.

मग तिने बोटांवर मोजलं. पू, डुकराचं पिल्लू पिगलेट, ईयोर, कांगारू आई कांगा, वाघ टिगर. "रू कुठे आहे?"

रू नाही. कांगाचं हे पिल्लू १९३० च्या दशकात ससेक्समधल्या सफरचंदांच्या बागेत हरवलं, ते पुन्हा मिळालंच नाही. घुबड आणि ससा यांची खेळणी मुळात नव्हतीच, ती दोघं मिल्नच्या डोक्यातून आली. हे मी तिला सांगितलं. घुबडाचं तिने मान्य केलं. रूचं नाही. ती बराच वेळ कांगाच्या पोटाच्या पिशवीकडे बघत राहिली.

आई मात्र ईयोरपाशी थांबली होती. तिने चाळीस वर्षं शिवणकाम केलंय, कापडाच्या बाहुल्या केल्यात, आमच्या लहानपणीच्या सगळ्या गोधड्या तिच्याच. ती म्हणाली, "ह्याची मान बघ. खेळून खेळून पडलीये. मानेतला भुसा दबला की असंच होतं."

मला वाटत होतं लेखकाने आधी एक उदास गाढव कल्पिलं आणि मग तसं लिहिलं. झालं होतं उलटं. हे गाढव १९२१ च्या नाताळात घरी आलं, मुलाने ते ओढलं, कवटाळलं, त्याची मान खाली आली, आणि मान खाली गेलेल्या गाढवाचा स्वभाव कसा असेल ते वडिलांनी लिहिलं. दीड वर्षं मी ते पुस्तक मोठ्याने वाचतेय, पण एका मुलाच्या हाताळण्यातून पात्राचा स्वभाव तयार होतो हे त्या काचपेटीपुढे उभी राहीपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

आता प्रश्न. मे महिन्यात दहा दिवस लंडनला जायचं आहे. तिथे पूचं काय बघता येईल? पुस्तकांचे चित्रकार शेपर्ड यांची मूळ चित्रं कुठे लावलेली आहेत का? आणि ज्या जंगलात या गोष्टी घडतात तिथे गाडी नसताना, सहा वर्षांच्या मुलीला घेऊन जाणं जमेल का? कुणी अशी प्रदर्शनं पाहिली असतील तर सविस्तर लिहा. दुसऱ्या पात्रांची असली तरी चालेल.

---

चाफेकळी | ९ फेब्रुवारी, रात्री ११:१५

वाचनखूण साठवली. इयोरकाका फार आवडले! एकदा मोठ्याने 'ईयोर' म्हणून बघा, इंग्रज लोक शेवटचा र गिळतात तसं. गाढवाचं ओरडणंच आहे ते.

ग्रंथालयात तिकीट लागतं का?

---

कवडसा | १० फेब्रुवारी, सकाळी ७:०५

फुकट आहे. संकेतस्थळावर वेळ आरक्षित करून जा, शनिवार-रविवारी गर्दी असते.

आणि खरंच की! आज लेकीला ऐकवते.

---

शिसपेन | १० फेब्रुवारी, दुपारी ३:२०

धागा बघून राहवलं नाही. मी चित्रकला शिकवते, आणि २०१८ च्या फेब्रुवारीत लंडनला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातलं पूचं मोठं प्रदर्शन पाहिलं होतं. डिसेंबर २०१७ ते एप्रिल २०१८ ते तिथे होतं, नंतर अटलांटा, बॉस्टन, टोकियो असं फिरलं.

आधी एक गोष्ट सांगते, कवडसाताईंच्या लेकीला कदाचित आवडणार नाही. चित्रातला पू हा काचपेटीतला पू नाही.

ई. एच. शेपर्ड यांनी चित्रं काढताना समोर ठेवला तो त्यांच्या स्वतःच्या मुलाचा, ग्रॅहमचा टेडी. त्याचं नाव ग्रॉलर. अंगाने गुबगुबीत, पोट पुढे आलेला. १९२४ साली 'पंच' साप्ताहिकात मिल्नच्या एका कवितेला शेपर्डने जे अस्वल काढलं तेही ग्रॉलरवरूनच. काचपेटीतलं अस्वल अंगाने सडसडीत आहे, हातपाय लांब. पुस्तक शेजारी धरून बघा, फरक लगेच दिसतो. पिगलेट, कांगा, ईयोर मात्र क्रिस्टोफरच्या खेळण्यांवरूनच काढलेले. म्हणजे स्वभाव एका घरातल्या अस्वलाचा आणि शरीर दुसऱ्या घरातल्या अस्वलाचं. ग्रॉलर आज कुठल्याच संग्रहालयात नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शेपर्डच्या नातीबरोबर तो कॅनडाला गेला आणि माँट्रियलमध्ये एका कुत्र्याने तो फाडून टाकला. ग्रॅहम स्वतः १९४३ साली अटलांटिकमध्ये जहाज बुडून गेला. प्रदर्शनात ती गुबगुबीत अस्वलं बघताना माझ्या डोक्यातून हे जात नव्हतं.

आता प्रदर्शनाबद्दल. सुरुवातीच्या दालनात जगभरातला पू होता: बाहुल्या, कपबश्या, भाषांतरं. मुलांसाठी पुढे घसरगुंडी होती, गोष्टीत वरून काटक्या टाकून कुणाची आधी पलीकडे येते अशी शर्यत लावतात तो पूचा पूल होता, खाली वाहणाऱ्या पाण्याचा आभास. मुलं तिथून हलत नव्हती. मी शिसपेन्सिलीच्या रेखाटनांच्या भिंतीपाशी अडकले.

१९७३ साली, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी, शेपर्डने आपली अडीचशेहून जास्त पेन्सिल रेखाटनं या संग्रहालयाला देऊन टाकली. पुस्तकात आपण बघतो ती शाईची, पक्की चित्रं. पेन्सिलीत चाचपडणं दिसतं. पिगलेट एकदा मोठा झालाय, मग लहान केलाय. झाडाची फांदी तीन वेळा काढून बघितली आहे, तिन्ही रेघा तशाच ठेवल्यात. पूच्या चेहऱ्यावर असतं काय? डोळ्यासाठी एक ठिपका आणि नाक. भुवया नाहीत, तोंड जवळजवळ नाही. तरी तो विचारात पडलाय, त्याला भूक लागलीये, तो खजील झालाय, हे सगळं कळतं. कारण सगळा अभिनय पाठीत आणि पोटात आहे. किती वाकलाय, पाय किती फाकवलेत, मान कुठे कललीये. मी वर्गात मुलांना हेच सांगते, आधी पाठ काढा.

आणि ती झाडं! शेपर्ड स्वतः ससेक्सला जाऊन अ‍ॅशडाउनच्या जंगलात बसून ती काढून आले होते. पू मधासाठी झाडावर चढतो त्या पानावर मजकूर झाडाशेजारी उभ्या अरुंद पट्टीत छापलाय, वाचणाऱ्याची नजर त्याच्याबरोबर शब्दाशब्दाने सरकते. लेखक आणि चित्रकार शेजारी बसून काम करत असल्याशिवाय हे होत नाही. मिल्नला सुरुवातीला शेपर्ड नकोच होते, हे वाचल्यावर तर मला आणखी नवल वाटलं. नंतर त्याच मिल्नने आपल्या मानधनातला वाटा त्यांना दिला. त्या काळात चित्रकाराला असं कुणी देत नसे.

मेमध्ये ही रेखाटनं भिंतीवर बघायला मिळतील असं धरून जाऊ नका. कागदावरचं काम उजेडाने खराब होतं, म्हणून ती बहुतेक काळ अंधारातच ठेवतात. त्या प्रदर्शनाआधीही जवळजवळ चाळीस वर्षं ती एकत्र बाहेर आली नव्हती. संग्रहालयाच्या संकेतस्थळावर बरीच बघता येतात. लेकीबरोबर घरीच, मोठ्या पडद्यावर, पुस्तक शेजारी ठेवून बघा. आणि जायच्या आधी संग्रहालयाला लिहून विचारा.

---

कवडसा | १० फेब्रुवारी, रात्री ९:५०

शिसपेन, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. ग्रॉलरचं लेकीला अजून सांगितलेलं नाही. रूच्या दुःखातून बाहेर येऊ दे.

आज आम्ही पाठी बघत पुस्तक वाचलं. तिने एकेका चित्रावर बोट ठेवून सांगितलं, "आता तो घाबरलाय." सगळं बरोबर.

---

जुना_वाचक | ११ फेब्रुवारी, सकाळी ९:१०

लेख सुंदर आहे, पण माझं मत वेगळं आहे. मी ती काचपेटी पंधरा-वीस वर्षांपूर्वी पाहिली, तेव्हा खेळणी दुसऱ्या शाखेत होती. मला ते दृश्य बघवलं नाही. खेळणं हे धरण्यासाठी असतं. ज्याला हात लावता येत नाही, जे कुशीत घेऊन झोपता येत नाही, ते खेळणं राहतच नाही.

खुद्द क्रिस्टोफर रॉबिनलाही ती जवळ असावीत असं वाटलं नव्हतं. मोठेपणी त्याने डार्टमथला पुस्तकांचं दुकान चालवलं आणि लहानपणाच्या त्या प्रसिद्धीचा त्याला आयुष्यभर त्रास झाला. १९७४ च्या आठवणींच्या पुस्तकात त्याने लिहिलंय की आज ज्या गोष्टी आवडतात त्या आपल्याभोवती असाव्यात, पूर्वी कधीतरी आवडलेल्या नव्हेत. त्याच्या या मताचा मान ठेवायला हवा असं मला मनापासून वाटतं.

शिवाय ती ससेक्सची. १९४७ साली प्रकाशकाने अमेरिकेत फिरवायला नेली, ती तिथेच राहिली आणि १९८७ मध्ये ग्रंथालयाला दिली. १९९८ मध्ये ग्विनेथ डनवुडी या ब्रिटिश खासदारांनी ती परत मागितली होती. मिळाली नाहीत.

---

घाटवाट | ११ फेब्रुवारी, दुपारी १२:३०

आम्ही साताऱ्याचे. शिसपेन ज्या संग्रहालयाबद्दल लिहितायत त्याच संग्रहालयातून २०२४ च्या जुलैत वाघनखं तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली, आधी साताऱ्याला. तेव्हा रांगेत उभं राहून मुलांना दाखवून आणली. त्यामुळे 'वस्तू कुणाची' हा वाद इकडे घराघरात झालेला आहे.

पण पूच्या बाबतीत मला जुना_वाचक यांचं पटत नाही. ही खेळणी कुणी लुटून नेली नव्हती. मिल्नने स्वतःच्या इच्छेने पाठवली, सोबत त्यांच्या जन्माची हकिकत सांगणारा दाखला स्वहस्ते लिहून दिला. बापाने लेकी सासरी धाडाव्यात तशी धाडली.

---

शिसपेन | ११ फेब्रुवारी, दुपारी ४:४५

घाटवाट यांना अनुमोदन. आणि जुना_वाचक, खेळणं धरण्यासाठी असतं हे शंभर टक्के खरं. पण ही पाच जण धरली गेली होती, हे कवडसाताईंच्या आईंना मानेवरून कळलं ना? २०१५-१६ मध्ये वर्षभराहून जास्त काळ बाजूला ठेवून ग्रंथालयाने ती स्वच्छ करून घेतली, दुरुस्त केली. तरी त्यांना कोरं केलं नाही. झीज ठेवली. संग्रहालयाने झीज जपणं ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

---

जुना_वाचक | ११ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:२०

झीज जपणं, हे मान्य. त्या बाजूने मी विचार केला नव्हता.

---

उत्तरवारा | १३ फेब्रुवारी, सकाळी ६:३०

कॅनडातल्या विनिपेगहून लिहितोय, बाहेर उणे सव्वीस. 'विनी' हे नाव आमच्या गावाचं, हे सांगायला इथे येणं भागच होतं.

ऑगस्ट १९१४. पहिलं महायुद्ध नुकतंच सुरू झालेलं. हॅरी कोलबर्न नावाचा सैन्यातला पशुवैद्य विनिपेगहून रेल्वेने पूर्वेला निघाला होता. ऑन्टारिओतल्या व्हाइट रिव्हर स्थानकावर त्याला काळ्या अस्वलाचं एक मादी पिल्लू दिसलं, फासे लावणाऱ्या एका शिकाऱ्याकडे. त्याने वीस डॉलरला ते विकत घेतलं आणि आपल्या गावावरून नाव ठेवलं विनी. ती त्याच्याबरोबर बोटीने इंग्लंडला गेली. डिसेंबरमध्ये तुकडी फ्रान्सला हलायची वेळ आली, तेव्हा त्याने तिला लंडनच्या प्राणिसंग्रहालयात ठेवलं. युद्धानंतर परत न्यायचा विचार होता, पण ती तिथे इतकी माणसाळली होती, मुलं तिच्या पाठीवर बसत होती, की १९१९ मध्ये त्याने ती तिथेच दिली. १९३४ पर्यंत ती जगली. छोटा क्रिस्टोफर तिला भेटायला जायचा आणि त्याने एडवर्डचं नाव बदलून विनी ठेवलं. 'पू' हे आधी एका हंसाचं नाव होतं, तेही त्यानेच ठेवलेलं.

आमच्या असिनिबॉइन उद्यानात कोलबर्न आणि विनीचा पुतळा आहे. पिल्लू मागच्या पायांवर उभं, त्याचे दोन्ही हात हातात धरलेलं. मुलं पाय घासून घासून चकाकवतात. तिथल्याच इमारतीत शेपर्डने तैलरंगात काढलेलं पूचं चित्र आहे. त्यांचं पूचं तैलचित्र एवढं एकच माहीत आहे. मधाचं मडकं, अस्वल, आणि रंग इतके घट्ट की पेन्सिलीचे शेपर्ड ते हेच का असं वाटतं. शिसपेन, तुम्ही कधी आलात तर आमच्याकडे उतरा.

कवडसा, तुम्ही लंडनला प्राणिसंग्रहालयात जाणार असाल तर तिथेही विनीचा पुतळा आहे. १९८१ मध्ये त्याचं अनावरण क्रिस्टोफर रॉबिनने स्वतः केलं. प्रसिद्धीचा कितीही त्रास झाला असला तरी खऱ्या अस्वलासाठी तो आला होता.

अवांतर: विनीची कवटीसुद्धा जपलेली आहे. २०१५ मध्ये लंडनच्या शल्यविशारदांच्या हंटेरियन संग्रहालयाने ती प्रदर्शनात मांडली होती. हिरड्यांच्या रोगाने तिचे दात खराब झाले होते म्हणे. लेकीला हे सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. माझ्या मुलाने ते ऐकल्यावर महिनाभर न सांगता दात घासले.

---

खारूताई | १४ फेब्रुवारी, रात्री १०:०५

आमचं वास्तव्य नेदरलँड्समधल्या उट्रेख्तला, त्यामुळे माझा अनुभव सशाचा. नाइन्च्ये, इंग्रजीत मिफी. डिक ब्रुना यांनी १९५५ मध्ये काढलेला पांढरा ससा. समुद्रकाठी सुट्टीवर असताना थोरल्या मुलाला सशाच्या गोष्टी सांगितल्या, त्यातून तो आला. डचमध्ये कोनाइन्च्ये म्हणजे छोटा ससा, त्याचं बोबडं रूप.

गावात नाइन्च्येचं संग्रहालय आहे, दोन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी. कवडसा, तुम्ही लिहिलंत त्याच्या अगदी उलट. काचपेटी जवळजवळ नाहीच. छोटं घर, छोटा दवाखाना, सिग्नल, सगळं मुलांच्या उंचीचं, सगळ्याला हात लावायचा. माझा अडीच वर्षांचा मुलगा दीड तास तिथे स्वयंपाक करत होता. मोठ्यांनी भिंतीला टेकून उभं राहायचं.

रस्ता ओलांडला की सेंट्राल म्युझियम, आणि तिथे वरच्या मजल्यावर ब्रुनांची काम करायची खोली जशीच्या तशी मांडून ठेवली आहे. टेबल, ब्रश, कात्रीने कापलेले रंगीत कागद. ते रोज सकाळी सायकलने कामावर जायचे. सशाची ती रेघ आपल्याला यंत्राने काढल्यासारखी वाटते, पण जवळून बघितली की तिला हलकासा कंप आहे. ब्रशने सावकाश ओढत नेलेली रेघ. डोळे म्हणजे दोन ठिपके, तोंड म्हणजे फुली. आणि ससा कायम सरळ आपल्याकडे बघतो. शिसपेन म्हणतात तसा पाठीतला अभिनय इथे नाही. इथे रडायचं असेल तर गालावर एकच थेंब.

माझा सल्ला असा की वय बघून जा. लहानांना खेळायचं दालन, थोड्या मोठ्यांना मूळ वस्तू. सहा वर्षं हे मूळ वस्तूंचं वय आहे, तुमच्या लेकीच्या प्रश्नांवरून दिसतंच आहे. लवकर नेलं असतं तर तिने रूची चौकशी केली नसती.

---

पाटीपेन्सिल | १५ फेब्रुवारी, सकाळी ११:००

हे सगळं वाचताना सारखा फास्टर फेणे आठवतोय. फुरसुंगीचा बनेश, विद्याभवन शाळा, सायकल, ते 'टॉक्'. भा. रा. भागवतांचं लेखनाचं टेबल बघायला मिळालं तर मी आज पुण्याची गाडी पकडेन.

---

कवडसा | १५ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:४०

पाटीपेन्सिल, फेणेसाठी स्वतंत्र धागा काढा ना. इथे दोन ओळींत संपवायचा विषय नाही तो. मी पहिली लिहिणार.

खारूताई, वयाचं अगदी पटलं. उत्तरवारा, कवटी सांगितली. तिचा प्रश्न: "विनीला कुणी डॉक्टरकडे नेलं नाही?"

---

मोरपीस | १७ फेब्रुवारी, रात्री १२:१५ (इंग्लंड)

जंगलाबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. आम्ही तीनदा गेलोय.

गाडीशिवाय जमतं. लंडनहून ईस्ट ग्रिन्स्टेडपर्यंत रेल्वे, तिथून हार्टफील्ड गावाची बस. बस फार नाहीत, परतीची वेळ आधी लिहून घ्या. गावातून त्या काटक्यांच्या शर्यतीच्या पुलाकडे शेतांमधून पायवाट आहे. मुलं बरोबर असली तर पाऊण तास तरी धरा. चिखल असतो, मेमध्येसुद्धा. रबरी बूट न्या.

जंगल म्हटल्यावर आपल्याला कोयनेसारखं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. तसं नाही. अ‍ॅशडाउन म्हणजे बराचसा मोकळा माळ, खुरटी झुडपं, काटेरी पिवळी फुलं, आणि मध्येच टेकाडांवर पाइनचे पुंजके. शेपर्डच्या चित्रात अस्वल आणि डुक्कर मोठ्या आभाळाखाली चालताना दिसतात, ते आभाळ तिथे आहे. पुस्तकातलं शंभर एकरांचं रान खऱ्या नकाशावर पाचशे एकरांचं आहे.

पूल नवा आहे हे आधी सांगून ठेवा. मूळचा १९०७ चा. १९७९ मध्ये तो दुरुस्त केला तेव्हा उघडायला क्रिस्टोफर रॉबिन आला होता. पण लोकांच्या पायांखाली तो पुन्हा इतका झिजला की १९९९ मध्ये काढून तसाच दुसरा बांधला. जुन्याचं लाकूड जपून ठेवलं होतं, ते २०२१ मध्ये लिलावात १ लाख ३१ हजार पौंडांना गेलं. घेणारे तिथल्याच जमिनीचे मालक, त्यामुळे पूल गावाबाहेर गेला नाही.

एक महत्त्वाचं: पुलावरून टाकायच्या काटक्या वाटेतच गोळा करा. पुलाजवळ एक काटकी शिल्लक नसते, आणि मुलं झाडांच्या फांद्या मोडतात ते बघवत नाही. कॉचफर्ड फार्म, म्हणजे मिल्नचं घर, खाजगी आहे. आत जाता येत नाही.

---

कवडसा | २ जून, रात्री ९:३०

जाऊन आलो. तुम्हा सगळ्यांमुळे सहल नीट झाली, म्हणून इथेच लिहिते.

फेब्रुवारीत तुम्ही लिहीत होता तेव्हा आई शिवणयंत्रापाशी बसली होती. नाशिकला परतायच्या आदल्या रात्री तिने लेकीच्या हातात एक रू ठेवला. आईच्या जुन्या इरकली साडीच्या तुकड्याचा, काठाची शेपटी, आत कापूस. "तो हरवला तर हरवला, हा घे," एवढंच म्हणाली. तो रू आमच्याबरोबर लंडनला आला. पूर्ण दहा दिवस लेकीच्या कोटाच्या खिशात.

प्राणिसंग्रहालयात विनीच्या पुतळ्यापाशी तिने तो खिशातून काढून दाखवला आणि परत आत ठेवला. पावसाच्या दिवशी बेथनल ग्रीनला व्हिक्टोरिया अँड अल्बर्टचंच मुलांचं संग्रहालय आहे, तिथे गेलो. २०२३ पासून नव्या रूपात उघडलंय. तिथे खारूताईंच्या सशाच्या घरासारखंच हात लावून खेळायला भरपूर आहे, अर्धा दिवस सहज गेला. रेखाटनं शिसपेननी सांगितल्याप्रमाणे घरीच पडद्यावर पाहिली होती, जायच्या आधी आठवडाभर रोज दोन-तीन. त्याचा उपयोग जंगलात झाला.

मोरपीसनी सांगितलेल्या वाटेने गेलो. चिखल होता. पुलाआधीच्या वाटेवर लेकीने एकवीस काटक्या गोळा केल्या. ओढा अगदी छोटा आहे, मला वाटलं होतं त्याच्या निम्मा. पाणी तपकिरी, सावकाश. तिने पहिली काटकी टाकली आणि दुसऱ्या बाजूला धावली. आली. दुसरी आली. तिसरी काही येईना. ती वाकून बघत राहिली, मागे एक कुटुंब थांबलेलं, आणि मी म्हटलं चल आता. "येईल ना," म्हणाली. ते कुटुंबही थांबलं. त्यांच्या आजोबांनी खाली वाकून पाहिलं, खांबाला अडकली होती. मग एक पान वाहत आलं, त्याचा धक्का लागला आणि काटकी सुटली. अनोळखी सहा माणसांनी मिळून टाळ्या वाजवल्या.

तिथून वर गिल्स लॅपला गेलो. मिल्न आणि शेपर्ड या दोघांच्या स्मरणार्थ तिथे एक शिळा आहे. पाइनचा पुंजका, वारा, आणि खाली लांबवर पसरलेला माळ. लेक एका झाडाला पाठ टेकून बसली आणि म्हणाली, "हे झाड त्याने काढलंय." कुठलं चित्र ते घरी येऊन शोधलं. झाड तेच असेल असं मी म्हणणार नाही, शंभर वर्षं होत आली. पण फांदीचं वळण ती आठवून बोलत होती.

परतताना कॉचफर्डच्या बाजूच्या रस्त्यावरून चालत होतो. ती कुंपणापाशी थांबली आणि विचारलं, सफरचंदांची बाग आत आहे का. मी म्हटलं, असेल. मला वाटलं आता ती इरकली रू तिथे ठेवायचा हट्ट धरणार, आणि मी मनात आईला फोनवर काय सांगायचं याची जुळवाजुळव करू लागले. तिने खिशात हात घालून तो नुसता चाचपला आणि पुढे चालू लागली.

---

शिसपेन | २ जून, रात्री ११:१०

कवडसाताई, आईंच्या रूचा फोटो टाका. शेपटीला काठ कसा वळवलाय ते बघायचंय.

---

चाफेकळी | ३ जून, सकाळी ८:००

आणि एकवीसपैकी उरलेल्या काटक्या?

---

कवडसा | ३ जून, सकाळी ८:२५

फोटो संध्याकाळी टाकते, आत्ता रू शाळेत गेलाय.

चाफेकळी, अठरा उरल्या होत्या. मागच्या कुटुंबातल्या मुलांकडे एकही नव्हती, तिने त्यांना वाटून टाकल्या.